नजर जैसे थे

शिवथरच्या माथ्यावरच्या वाडीत राहणाऱ्या रखमाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि येत्या मंगळवारी महाडच्या मोफत शिबिरात त्यांचा नंबर लागला होता. सून उज्वलाने आधारकार्डाची झेरॉक्स काढून डब्यात जपून ठेवली होती. सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणजे कुठल्यातरी समितीचं लक्ष जायला काहीच हरकत नव्हती.

लक्ष गेलं ते चित्रामुळे. गेल्या आश्विनात पोलादपूरचे चित्रकलेचे सुहास मास्तर रंगपेटी घेऊन वर आले होते. तेव्हा रखमाबाई माळावर काठी टेकून आपली म्हैस शोधत उभ्या होत्या.

"मास्तर, म्हस दिसतेय का कुठं?"

"दिसतेय आजी, फार सुरेख दिसतेय. तुम्ही मात्र हलू नका."

दोन तास रखमाबाई हलल्या नाहीत. म्हैस त्यांच्या मागे दहा पावलांवर रवंथ करत होती, ती चित्रात आयतीच आली. मास्तरांचा हात प्रामाणिक होता. दिसलं ते त्यांनी काढलं, डोळ्यांतल्या पांढुरक्या छटेसकट.

तालुका निसर्गव्यक्ती गौरव समितीने त्या चित्राला पहिलं बक्षीस दिलं. पुण्याहून आलेले रसिक पाहुणे त्या डोळ्यांवर चाळीस मिनिटं बोलले. "या डोळ्यांत सह्याद्रीचं धुकं उतरलंय," ते म्हणाले. "ही नजर क्षितिजापलीकडचं पाहते." टाळ्या पडल्या. क्षितिजापलीकडचं देव जाणे, पण अलीकडचा उंबरठा रखमाबाईंना दिसत नव्हता, एवढं खरं.

चित्र वरच्या फेरीत गेलं आणि नियम लागू झाला: मूळ व्यक्ती व चित्र यांची समक्ष पडताळणी. समितीचा कारकून विनोद सोमवारी धापा टाकत वाडीवर आला, तांब्याभर पाणी प्यायला आणि पत्र वाचू लागला. 'पडताळणी होईपर्यंत सदर व्यक्तीने केस रंगवू नयेत, दात बसवू नयेत, तसेच नेत्रांतील भाव जैसे थे ठेवावेत.'

"आवं, पण उद्या आईंचं आपरेशन हाय," उज्वला म्हणाली.

विनोद चपापला. त्याने कातळावर चढून रेंज मिळवली आणि सचिव दीप्ती मॅडमना फोन लावला. खाली उतरला तो निरोप घेऊनच. "मॅडम म्हणतात, ऑपरेशन झालं की धुकं जाईल. मग चित्रातली व्यक्ती हीच, असं आम्ही कुठल्या तोंडाने लिहायचं?"

"मंग म्हातारीनं आंधळं ऱ्हावं व्हय?"

"तात्पुरतं, ताई. फारच अडचण असेल तर पाहण्यासाठी ना-हरकत दाखल्याचा अर्ज करा. नमुना मी देतो."

अर्ज केला. तो फेटाळला गेला, कारण अर्जदाराने नमुना स्वतः वाचून सही केल्याची खूण नव्हती. मंगळवार गेला. पुढचं शिबिर दोन महिन्यांनी होतं. तोवर रखमाबाईंनी दोनदा म्हशीचं आंबोण दगडापुढे ठेवलं आणि एकदा विजेच्या खांबाला "पावनं, बसा" म्हटलं. त्या हसायच्या, पण रात्री चाचपडत पाणी घेताना त्यांना भीती वाटायची. आपली सून आपल्याला आता फक्त आवाजापुरती उरली, हे त्यांना फार लागलं होतं.

अखेर पडताळणी पथक आलं. रखमाबाईंना त्याच माळावर उभं केलं, शेजारी चित्र धरलं. तिघांनी भिंगातून डोळे तपासले. मोतीबिंदू एव्हाना आणखी पिकला होता. अहवालात नोंद झाली: 'मूळ व्यक्तीतील धुके चित्रापेक्षाही गहन. चित्रकार किंचित कमी पडला.' मास्तरांचे दोन गुण कापले, तरी चित्र उत्तीर्ण झालं आणि रखमाबाईंना पाहण्याची परवानगी मिळाली.

पुढच्या शिबिरात उजवा डोळा झाला. महिन्याने महाडच्या सभागृहात चित्र लागलं तेव्हा दीप्ती मॅडमनी त्यांना खास बोलावलं. रखमाबाई चष्मा सावरत चित्रापुढे उभ्या राहिल्या. आजीच्या डोळ्यांत पाणी येईल म्हणून फोटोवाला तयारीत होता.

"उज्वले, म्हस बघ गो, हितंच मागं हुबी हाय," त्या म्हणाल्या. "नि ही म्हातारी भलतीकडंच बघतेय. हिला दवाखान्यात न्या कुणीतरी."

"आजी, त्या तुम्हीच आहात," दीप्ती मॅडम हळूच म्हणाल्या.

"त्ये समाजलं मला. किती मानसं बघून गेली हिला?"

"बाराशेच्या वर."

रखमाबाईंनी चष्मा पुसला. "आनी येकालाबी मोतीबिंदू दिसला नाय?"

मॅडमनी घाईने अभिप्रायवही पुढे केली. रखमाबाईंनी सांगितलं आणि उज्वलाने लिहिलं: 'चित्र बरं हाय. बाईला मोतीबिंदू हाय. शिबिर मंगळवारी असतं.' त्याखाली पुढच्या रसिकाने लिहिलं, 'काय खोल ओळी आहेत!'

वही अजून दाराशी आहे, पेन दोरीने बांधलेलं. आणि मघाशी ते धुक्याचं वाक्य वाचून तुम्हीही मनात 'वा' म्हणाला असाल, तर शिबिरात तुमचं नाव घालायला उज्वला तयार आहे. झेरॉक्स तेवढी घेऊन या.