साडेतीन तासांवरचं सॅन फ्रान्सिस्को

टाइमटेबल वाचावं तर मीच! वीज कंपनीत तीस वर्षं नोकरी केली, पण फायलींपेक्षा रेल्वेची वेळापत्रकंच जास्त वाचली. म्हणून आमच्या एकुलत्या एका लेकीला, वल्लरीला, सॅन फ्रान्सिस्कोत नोकरी लागली तेव्हा तिकीट आधी मी मागून घेतलं. दिल्लीहून सुटणार सकाळी दहाला. पोचणार त्याच तारखेला, दुपारी दीडला. साडेतीन तास!

तोवर मी 'इतक्या लांब नाही पाठवणार' म्हणून अडून बसलो होतो. तिकीट बघितलं आणि लोण्यासारखा विरघळलो.

"जा बेटा! पुण्याची बससुद्धा रात्रभर घेते. हे तर शेजारीच झालं!"

वल्लरी माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने घाईघाईने वाकून नमस्कार केला.

दिल्लीहून तिचं विमान सुटलं त्या दिवशी माझी बायको सुमन शाळेत शिकवायला गेली होती. मी झोपाळ्यावर आडवा झालो, डोळे मिटले आणि लेकीबरोबर उडालो! खाली आमच्या मल्हारगंजच्या गच्च्या पोस्टाच्या तिकिटांएवढ्या झाल्या. ढग नुकत्या पिंजलेल्या कापसासारखे. वल्लरी खिडकीला नाक लावून बसलेली, अगदी पाच वर्षांची असताना बसायची तशी. डोंगर मागे पडत होते, आवाज कसला म्हणून नव्हता, आणि झोपाळा हळूहळू पश्चिमेला की पूर्वेला, कुठेतरी चालला होता...

घड्याळाने दीडचा ठोका दिला. मी जमिनीवर आलो!

फोन नाही. पावणेदोन. दोन! तिचा फोन बंद. समोर संताजीचं कम्प्युटरचं दुकान. मी गॅलरीतूनच ओरडलो, "संताजी भिया, वल्लरीचं विमान कुठे आहे, बघ ना जरा!"

थोड्या वेळाने तोही दुकानातूनच ओरडला, "काका, गोबीवर दिसून राहिलंय!"

खालच्या मजल्यावरच्या देवयानीबाई भाजीसाठी गोबी चिरत होत्या. त्यांच्या हातातली सुरीच पडली. "अगं बाई! विमान गोबीच्या शेतात उतरलं?"

दोन मिनिटांत गल्लीभर झालं. कोणी म्हणे, "मानपूरकडे गोबीची शेतं आहेत भिया, गाडी काढो!" शेजारच्या निशांतने खरोखरच गाडी काढली. मी एका पायात चप्पल, एका पायात बूट, हातात पाण्याची बाटली नि घोंगडी घेऊन बसलो. गल्लीच्या तोंडाशी सुमनची रिक्षा आडवी आली.

"कुठे निघालात?"

"वल्लरीला आणायला! गोबीत पडलीय!"

तेवढ्यात संताजी मोबाइल नाचवत धावत आला. "काका, गोबीचं वाळवंट! विमान त्याच्या वरून चाललंय, मजेत!"

"पण दीडला पोचायचं होतं ना!"

"तिथल्या दीडला," सुमन शांतपणे म्हणाली. "तिथलं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे आहे. प्रवास सोळा तासांचा. साडेबारा हजार किलोमीटर आहे ते!"

निशांतने गाडी बंद केली. मी घोंगडी पोटाशी धरली.

"तुला माहीत होतं?"

"मला आणि वल्लरीलाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही 'जा बेटा' म्हणालात आणि पोरगी दोन दिवस गात फिरत होती. कोण बोलणार?"

मी गाडीतून उतरलो. रागवायचं ठरवलं होतं, जमलं नाही. खरं सांगू? सोळा तास कळले असते, तर मी तिला दिल्लीपर्यंतसुद्धा जाऊ दिलं नसतं! आणि हे त्या दोघींना माझ्याआधी ठाऊक होतं.