फरकोटवाले नगरसेवक

भर मे महिन्यात, सुरतेच्या उकाड्यात, आप्पा केसाळ टोपी घालून फिरत. घाम कानामागून शर्टात उतरायचा, पण टोपी जागची हलायची नाही. "व्यापाऱ्यानं आपला माल आधी स्वतः वापरावा," म्हणत.

बमरोलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. लुधियानाहून खोट्या फरचे कोट आणि टोप्या आणायच्या, बद्रीकेदारला निघालेल्यांना विकायच्या. कुणी हसलं की खान्देशातले आप्पा मान ताठ करत. "थंडी काय सांगीसन येस का?"

नव्वद सालाच्या आसपास ते निवडणुकीला अपक्ष उभे राहिले. गल्लीत नळ नव्हता. मागायला गेलेल्या आम्हा बायकांना एका पुढाऱ्यानं दारातूनच परत पाठवलं होतं, त्याचा आप्पांना राग. हरले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुढच्या निवडणुकीचा प्रचार सुरू केला आणि पुढच्या खेपेला निवडून आले. महापालिकेच्या पहिल्याच सभेत कुणीतरी टोपी काढायला सांगितलं.

"तसा नियम दाखवा," आप्पा म्हणाले.

नियम सापडला नाही. नळ मात्र आला.

मग रस्तारुंदीचा नकाशा निघाला. एका मिलची मोकळी जागा वाचवून रेघ आमच्या घरांवरून गेली होती. बुलडोझर आला त्या सकाळी आप्पांनी दुकानातले सगळे कोट रस्त्यावर पसरले आणि मधोमध खुर्ची टाकली.

"बाजूला व्हा," बुलडोझरसोबत आलेले साहेब म्हणाले.

"दुकान मांडलंय. गिऱ्हाईक होऊ द्या."

"या उन्हात?"

"मी आठेन हटाव नही, इथंच बसणार. तुम्ही बसा, साहेब. कोट घालून बघा."

दुपारपर्यंत सगळी गल्ली त्या कोटांवर येऊन बसली. बुलडोझर परत गेला. पुढे नकाशातली रेघही सरकली. डांबरानं खराब झालेल्या कोटांचं नुकसान आप्पांनी स्वतःच सोसलं.

त्यानंतर ते रोज दुपारी माझ्या दाराशी येऊ लागले. मी शिवणाच्या मशीनवर असे.

"काही तक्रार, ताई?"

मी आठवून आठवून सांगायची. तुंबलेलं गटार, बंद दिवा, पिसाळलेलं कुत्रं. ते वहीत उतरवून घेत आणि आठवड्यात काम करून देत. एके दिवशी खरंच काही उरलं नव्हतं.

"सगळं ठीक आहे, आप्पा."

त्यांनी वही मिटली, पण उठले नाहीत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुली लांब सासरी.

"मग नुसतंच थोडं बसू का?" त्यांनी विचारलं.

मी मशीन थांबवलं आणि चहाचं आधण ठेवलं.