राणीला मारायचं नाही

वाशीत आमच्या शेजारी राहणाऱ्या जमीलाबाई रोज दुपारी तलवार उपसतात. वय पासष्टीच्या पुढं, गुडघे दुखतात, पण कॉम्प्युटरवर त्या सरदार असतात. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, त्याचा जुना कॉम्प्युटर मागं राहिला आणि त्यातला किल्ले-ड्रॅगनचा खेळ बाईंना चिकटला.

बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यामुळं लढाईपेक्षा तपासणीच जास्त चालते. "ड्रॅगन हाय, किल्ला हाय, पण शाळा कुठं हाय?" पडद्यावर एखादी सेनापतीण आली की भिंतीपलीकडून मला हाक येते. "अगं सुनीता, बघ की! गड्याला डोक्यापासनं पायापर्यंत लोखंड, आन् हिचं पोट उघडं. बाण काय विचारून येतो व्हय?"

खरा राग मात्र वेगळाच. "राजा वाईट असला तर नुसता वाईट. राणी वाईट असली की ती येडी, न्हायतर चेटकीण. तिसरा प्रकारच न्हाय ह्यांच्याकडं!"

मागच्या आठवड्यात या हाका एकाएकी थांबल्या. मला काळजी वाटली, म्हणून गेले. बाई पडद्यासमोर नुसत्याच बसलेल्या. पडद्यावर शेवटचा दरबार, सिंहासनावर काळ्या कपड्यांतली राणी. तिला मारलं की खेळ जिंकला.

"मारा की, बाई."

"न्हाय होत गं." त्यांनी चष्मा काढला. "मी हेडमास्तर झाले तवा शाळेच्या भिंतीवर कुणीतरी लिहिलं होतं, चेटकीण. म्याच पुसलं. घरी कुणाला सांगितलं न्हाय. उशिरा येणाऱ्या मास्तरांना कारण विचारत होते, बाकी काय केलं होतं मी?"

मी पडद्याकडं वाकून बघितलं, तर खाली कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत दिसलं, 'तलवार खाली ठेवा.'

"बाई, हे दाबून बघा बरं."

बाईंनी डोळे मिटून बटण दाबलं. तलवार खणकन फरशीवर पडली. राणी उठली, पायऱ्या उतरली आणि सरदारासमोर येऊन बसली. तिचं भरभर इंग्रजी बोलणं बाईंनी मला मराठीत सांगितलं, "म्हणतीय, इथवर आलेला जो तो मारायलाच आला."

मग त्यांनी केवढा तरी मोठा श्वास सोडला. "या अल्ला! वाचली गं बया!" किती दिवसांनी त्या अशा मोकळ्या हसल्या.

मी जायला उठले. बाईंचं लक्षच नव्हतं. खुर्ची पुढं ओढून, पडद्याजवळ तोंड नेऊन, त्या हळूच विचारत होत्या, "जेवलीस का गं?"