साडेसहाशे वॅट सर केल्याची हकीगत

श्री गजानन प्रसन्न. शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पराभव नाम संवत्सर, अधिक ज्येष्ठ मासी संग्रामपूर मुक्कामी जे युद्धप्रसंग गुदरले, त्यांची हकीगत जैसी ऐकिली तैसी लिहिली असे. पदरचे तिखटमीठ थोडके घातले आहे, कारण अळणी वरण कोणाच्या घशाखाली उतरते? वाचणारांनी हंसू नये. हंसू आवरेनाच तर तोंडास दुपट्टा लावून हंसावे.

तर संग्रामपुरी राजेश्री उकंडराव म्हणोन मातब्बर कास्तकार. त्यांचे चिरंजीव राजकुमारजी कृषी सेवा केंद्राचे धनी. दिवसा बियाणे, खते, फवारणीच्या औषधांचा कारभार पाहावा, आणि सांज होताच माडीवर चढून संगणकापुढे बैठक घालावी, कानास हेडफोन चढवावे आणि खेळातले मुलुख मारावे, ऐसा त्यांचा रिवाज. गाव म्हणे, लग्नाचे वय जाहले आणि हा गडी अजून खेळतो. परंतु खरी गोष्ट निराळी होती. त्यांची धाकटी बहीण मयुरी लग्न होऊन पुण्यास गेली होती आणि तीही त्याच वेळी तिकडून त्याच खेळात उतरत असे. फोनवर बोलावे तर मातोश्री गोजरबाई फोन ओढून घेत, तीर्थरूप स्पीकर लावीत, शेजारच्या जनकाबाई भिंतीपलीकडून खुशाली पुसत. मग पोरीने "सगळं ठीक हाय" यापलीकडे काय बोलावे? खेळात मात्र दोघांचेच राज्य. गोळ्या झाडीत झाडीत भावाबहिणीची सुखदुःखे होत आणि मयुरीबाई पोटभर वऱ्हाडी बोलत.

ऐसे चालले असता खेळाची नवी आवृत्ती आली. तीस जुने यंत्र पुरेना. मग राजकुमारजींनी नवे ग्राफिक कार्ड आणून मशीनमध्ये बसविले आणि मोठ्या उमेदीने रणात उतरले. परंतु लढाई ऐन रंगात येताच मशीन फटदिशी बंद! पुन्हा चालू केले, पुन्हा शत्रू समोर आला, पुन्हा बंद. कारण उघड होते. मशीनला वीज पुरविणारा जो पॉवर सप्लाय, तो जुनाच राहिला होता. खाणारे तोंड मोठे आले आणि चूल तेवढीच राहिली. अर्धे बोलणे तोंडात असता बहिणीचा आवाज तुटावा, हे राजकुमारजींच्या फार जिव्हारी लागले.

तिकडून मयुरीबाईंचे फर्मान आले ते ऐसे : "दादा, तू मधातच गायब होऊन राह्यला, मंग मी कोनाशी बोलू? हाफिसातल्या पोरी मले त्यायच्या टीममधे बोलवून राह्यल्या. तुह्यं मशीन धड नाई झालं तं मी तिकडं जाईन." हे ऐकोन राजकुमारजी हवालदिल जाहले. टीम गेली तर गेली. परंतु सांजेची बहीण गेली तर उरले काय? खताची पोती?

मग इंटरनेटावरील तमाम जाणत्यांची मते घेतली, कार्ड किती वीज खाते, प्रोसेसर किती खातो, पंखे किती, ऐसा हिशेब केला आणि ठरविले की साडेसहाशे वॅटांखाली पाऊल ठेवणे नाही. उकंडरावांनी मोटारपंप घेण्यात उभी हयात घातलेली. ते म्हणाले, "आकडे काय वाचतं? हातात उचलून पाह्य. जड असन तोच माल." ऐसे पितापुत्रांत दोन पक्ष पडिले.

इतक्यात धोंड्याचा महिना म्हणोन लेक-जावयास जेवणाचे निमंत्रण गेले आणि जावई खासे गुलाबराव मयुरीबाईंसह मोटारीतून दाखल जाहले. हे गुलाबराव मूळचे खामगावचे. मनाचे लाख माणूस, परंतु पुण्यास नोकरी लागल्यापासून 'मले' सोडून 'मला' म्हणू लागले होते आणि ज्यात गम्य नाही त्यातही मत बाळगीत. पुरणाचे धोंडे वाढिले, त्यांवर तुपाची धार पडली, आणि बोलता बोलता पॉवर सप्लायची गोष्ट निघाली. मग जावईबापूंनी घास थांबवून निवाडा दिला की, "साडेचारशे भरपूर झालं. बाकी सगळी कंपन्यांची लूट आहे." आणि इतक्यावर न थांबता मोटारीतून एक खोके आणविले. मशीनचे गाऱ्हाणे बायकोकडून कानी पडले होते, म्हणोन येताना शेगावी दर्शन करून साल्यासाठी साडेचारशेचा पॉवर सप्लायच आणिला होता! प्रेमाने आणिला होता, हेच तर संकट.

आता जावयाचा शब्द खाली पडू द्यावा, हे त्या घरात कोणाच्या बापजन्मी घडले नव्हते. उकंडरावांनी खोके हातात तोलले, हलके लागले, तोंड वाकडे जाहले, आणि तेच तोंड सरळ करून वदले, "झकास हाय!" काय ही दगाबाजी! राजकुमारजींनी बापाकडे पाहिले. बाप सुपारी कातरू लागला. नाइलाजे तो पॉवर सप्लाय मशीनमध्ये चढविला. जावईबापू पाठीशी उभे राहिले. शत्रू आला, पहिली गोळी सुटली आणि मशीन बंद. गुलाबराव किंचितही न डगमगता बोलिले, "इथली लाईनच कमी आहे." सर्वांनी माना डोलाविल्या. बिचाऱ्या लाईनीस तोंड असते तर तीही रडली असती. मयुरीबाई चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सारे ओळखिले, परंतु चारचौघांत नवऱ्याचा शब्द खोडणे त्यांच्या जिवावर आले. भावाशी दोन शब्द बोलावे तर घर माणसांनी भरलेले. तशाच कपबशा घेऊन खाली गेल्या.

राजकुमारजी माडीवर एकटेच बसून राहिले. डोळ्यांत पाणी आले ते पंख्याच्या वाऱ्याने आले, ऐसे त्यांचे म्हणणे. आम्हीही तैसेच लिहितो. तोच गोजरबाई जिना चढोन आल्या. मशीनकडे पाहिले, लेकाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "तुह्या ह्या डबड्यातून पोरगी हसते तं मले सैपाकघरात आयकू येते. हे नाई चालत काय?" राजकुमारजींनी मान हलविली. "मंग कोन्तं लागते?" "साडेसहाशेचं, माय. पन जावईबुवा..." "उतरव ते," ऐसा हुकूम करून माउली खाली उतरल्या.

दुसरे दिवशी निघतेवेळी वाणाचे ताट आले. तेहतीस अनारसे, वर चांदीचा दिवा, जावयास कपडे, लेकीस लुगडे. आणि त्या सर्वांवर, हळदकुंकू लावोन, साडेचारशेचा पॉवर सप्लाय! गुलाबराव चकित जाहले. तेव्हा गोजरबाईंनी पदर सावरून जे सुनावले, ते शब्दशः ऐसे : "जावईबुवा, धोंड्याच्या महिन्यात जावयाले देत असतात, जावयाचं घेत नसतात. लेकीच्या घरचं ठेवून घेतलं तं आम्हाले पाप लागते. तुमच्या हातची वस्तू, तुमच्याच घरी शोभते." आता या तोफेपुढे कोण टिकणार? जावयाचा मान मोठा खरा, परंतु सासूचे पाप त्याहून मोठे. गुलाबरावांनी दोहो हातांनी ताट घेतले, सासूबाईंच्या पायां पडिले, आणि आपला केवढा आदर जाहला म्हणोन मोटारीत बसेपर्यंत हंसत राहिले. उकंडराव मागाहून म्हणाले, "मीही हेच म्हननार होतो."

मोटार वळली न वळली तोच पितापुत्र एस.टी.ने शेगावावर चाल करून गेले. वरवट बकालावरून मजल मारून बाजारातले दुकान गाठिले. दुकानदाराने साडेसहाशेचे दोन मोहरे पुढे मांडिले. एक चकचकीत, दिव्यांनी लखलखणारा; दुसरा काळा, बिनशोभेचा. राजकुमारजींनी दोहोंच्या पाठीवरचा मजकूर वाचिला. चकचकीत गडी नावाचा साडेसहाशे, परंतु जी बारा व्होल्टाची मुख्य लाईन कार्डास पोसते, तीत त्याचा जोर जेमतेम निम्मा. काळा मात्र बोलल्या शब्दास जागणारा. त्यांनी काळ्यावर बोट ठेविले, आणि त्याच वेळी उकंडरावांनी दोन्ही उचलून काळाच पुढे सरकविला : "हा जड हाय." बापलेकाचे मत एका वस्तूवर पडावे, हे बियाण्याच्या वाणाबाबतही कधी जाहले नव्हते. दोघांनीही तो विजय आपापला मानिला.

मग घरी येवोन काळा मोहरा मशीनमध्ये स्थापिला, वायरी जोडिल्या, गोजरबाईंनी कुंकू वाहिले, आणि दुसरे दिवशी सांज होताच राजकुमारजी रणात उतरले. पुण्याहून मयुरीबाई दाखल जाहल्या. शत्रूचे थवे आले, आग उसळली, धूर जाहला, पंखे घुमू लागले, आणि मशीन ठाम उभे राहिले! राजकुमारजींच्या तोंडून आरोळी निघाली. परंतु पलीकडून आरोळी आली नाही. मयुरीबाई हळूच बोलल्या, "दादा, इथं मी तोंड उघडलं का लोक हसतात. हाफिसात हसतात, सोसायटीत हसतात. आता ह्यायलेही वाटते का मी नीट बोलावं. दिवसभर जपून जपून बोला लागते. मले करमत नाई रे."

राजकुमारजींनी माऊसावरचा हात काढिला. शत्रू समोर उभा होता, तो उभाच राहू दिला. म्हणाले, "बोल मयुरे. तुले जसं येते तसंच बोल. मशीन आता बंद पडत नाई."

मग ती बोलत राहिली. खाली जेवणे वाढिली होती. गोजरबाई हाक मारावयास जिन्यापर्यंत आल्या, पायरीवर थबकल्या आणि माघारी गेल्या. त्या सांजेस रणात भाऊ पडिला, बहीण पडिली, ठाणे गेले, सारा मुलूख शत्रूने घेतला. तथापि पोरगी रडली, आणि रडून झाल्यावर दणदणीत हंसली, ते सैपाकघरापर्यंत ऐकू आले. सबब फत्ते राजकुमारजींची जाहली, ऐसे येथे कायम लिहिले असे.