पुंजाजी आणि माझा डावा पाय

पुंजाजीबद्दल लिहायचं मी सात वर्षं टाळलं. आधी हात कापत होता, मग चष्मा बदलायचा होता, मग सोयाबीनची सोंगणी आली. आता वय एक्क्याऐंशी झालं आणि कारणं संपली.

पुंजाजी रोज संध्याकाळी पाचला माझ्या घरी यायचा आणि माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही. तो माझ्या डाव्या पायाशी बोलायचा. समोर उकिडवा बसून अंगठ्याकडे बघत विचारायचा, "काहून रे बसक्या, आज तरी उठतं का?" मी काही बोलायला गेलो की हात वर करायचा. "तुमी थांबा तलाठीभाऊ. मी याले पुसून राह्यलो."

मंगरूळपीरला आमच्या गल्लीत तीन घरं सोडून त्याचं घर. जन्मभर त्यानं एकच काम केलं. लोकांच्या गोऱ्ह्यांना जुवाखाली चालायला शिकवलं. लोक गोऱ्हा त्याच्या दारी सोडून जात आणि महिन्याभरानं बैल घेऊन जात. मग घरोघरी ट्रॅक्टर आले. "त्याले काय शिकवता?" पुंजाजी म्हणायचा. "त्याले मान नाई, अन् कानबी नाई." त्याचा गोठा रिकामा पडला.

त्याच सुमारास मला लकवा झाला. डावं अंग गेलं, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा भेटायला आलेली माणसं उशाशी बसून हळहळली. पुंजाजी एकटा पायथ्याशी बसला. त्यानं चादर वर केली, पाय वाकवून पाहिला, तळव्यावर टिचकी मारली आणि म्हणाला, "खूर चांगला हाये. चालन."

माझ्या चांगल्या पायाला त्यानं शहाण्या नाव दिलं होतं, आणि त्याचा सगळा राग शहाण्यावर होता. "जोडीत एक बैल बसका निंगाला का दुसरा शहाना होते. सारं जू आपल्याच मानेवर घेते. लोकं त्याची तारीफ करते, अन् बसका जन्मभर बसकाच राह्यते. शहान्याले आवरा. त्याले म्हना, थांब बाप्पा, आता याची पाळी." दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनीही हेच सांगितलं होतं. त्यांनी फक्त बैल मध्ये आणले नव्हते.

अंगणात त्यानं तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, आडव्या मांडल्या. एकेक ओलांडायची. ते जमल्यावर पाय रुतेल असं सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, पसरलं. माझ्या कमरेला दुपट्टा बांधून त्याची टोकं तो मागून कासऱ्यासारखी धरायचा. पाय अडकला की "हट्!" आणि सुटला की "वा रे राजा!" समोरच्या बाया पदराआड हसायच्या. ज्याच्या दप्तरात चार गावांचे सातबारे होते तो माणूस दुपट्ट्याला बांधून हाकला जातोय, हे बघायला कोण येणार नाही? मला लाज वाटे. पण दीड महिन्यात बसक्या सोळा तुराट्या ओलांडू लागला.

सकाळच्या वेळी पुंजाजी माधव शिंप्याच्या बायकोला चालवायचा. तिलाही लकवाच झाला होता. सकाळी ती, संध्याकाळी मी. गल्लीतून जाताना तो पुन्हा कामावरच्या माणसासारखा भराभर चालायला लागला होता.

आता माझी गोष्ट.

एका दुपारी मी ठरवलं, आज पुंजाजी येईल तेव्हा मी फाटकाशी उभा असेन. आदल्याच दिवशी सुनीलनं, माझ्या मुलानं, दटावलं होतं, "बाबा, एकट्यानं उठले तर पलंगाले कठडा लावीन." तरी पाच वाजायला आले तसा उठलो. खुंटीवरचा दुपट्टा स्वतःच कसाबसा कमरेला गुंडाळला. त्याच्याशिवाय पायाला चालायची वेळ झाल्यासारखं वाटत नसे. पाच-सात पावलं नीट गेली. मग शहाण्या पुढे धावला, बसक्या मागे राहिला, आणि मी हातावर कोसळलो. मनगटात कट् असं वाजलं. तेवढ्यात पुंजाजी फाटकातून आला. त्यानं धावत येऊन मला उचललं, आणि सुनील आतून आला तेव्हा मी पुंजाजीच्या हातांत होतो.

"काकानं दुपट्टा सोडला का?" सुनीलनं मला विचारलं.

मी मान हलवली. हो.

तेव्हा मला नीट बोलता येत नव्हतं, असं मी पुढे स्वतःला कितीदा सांगितलं. जीभ जड होती, हे खरं. पण मान दोन्हीकडे वळत होती.

पुंजाजीनं माझ्याकडे बघितलं. पायाकडे नाही, माझ्याकडे. मग सुनीलला म्हणाला, "हो. माह्या हातून सुटला."

"बैलं हाकलनाऱ्याच्या हाती बाप देल्ला, माहीच चूक," सुनील ओरडला. "उद्यापासून इथं पाय ठेवू नका."

"मले काय बोलाचं ते बोल," पुंजाजी म्हणाला. "पन याईले निजवून ठेवू नको. हाताले पट्टी बांध अन् उद्या पाचले चालव."

सुनीलनं चालवलं. पुंजाजी समोरच्या घराच्या ओट्यावर येऊन बसायचा आणि तिथून ओरडायचा, "शहान्याले आवर!" सुनील चिडायचा. मी आवरायचो.

आठवड्याभरात ही बातमी माधवकडे गेली. पाडणाऱ्या माणसाच्या हाती बायको द्यायला तो तयार होईना. ती माउली पुढे पलंगावरून उठलीच नाही. माझी जीभ तीन महिन्यांत मोकळी झाली. तिला मी दुसरं सगळं बोलायला लावलं. सुनील, माधव, तुम्ही हे वाचाल म्हणून साफ लिहितो: पुंजाजीनं मला पाडलं नाही. मी खोटं सांगितलं.

वर्षभरानं मी काठी टेकत, एकटा, त्याच्या घरी गेलो. माफी मागायचीच, असं ठरवून गेलो होतो. त्यानंतर पंधरा दिवसांत तो झोपेतच गेला, म्हणजे तीच भेट शेवटची. मला दारात बघून त्यानं शेजाऱ्याला हाक मारली, "अरे, पाहा, तलाठीभाऊ एकटे आले!" मग मला गोठ्यात नेलं. तिथं कमरेइतक्या उंचीवर दोन बांबू समांतर बांधलेले होते, धरून चालण्यासाठी. धरून धरून गुळगुळीत झालेले नव्हते. कोरेच होते.

"गिरजासाठी बांधले होते," तो म्हणाला. गिरजा त्याची बायको. ती लकव्यानं गेली, एवढंच मला माहीत होतं. "आठ म्हैने मी तिले हातावर ठेवलं. पानीबी माह्या हातानं पाजलं. मले वाटे, हेच तिचं खरं करनं. तिचा पाय चालाचं इसरून गेला, तवा उमजलं. बांबू बांधले अन् चार दिवसांत ती गेली. मंग म्हनलं, दुसऱ्याईले तरी चालवू. तुमी होते, शिंपीन होती." त्यानं बांबूवरची धूळ पंच्यानं पुसली. "आता कोनी नाई येत."

शेजारच्या घरून चहा आला. मी म्हणालो, "पुंजाजी, त्या दिवशी..."

"कोनत्या?"

तो माझ्याकडेच बघत होता.

"त्या दिवशी ऊन लय होतं," मी म्हणालो.

"हो," पुंजाजी म्हणाला. "लय होतं."