हैदराबादचं स्थळ

विद्यापीठात फोन लावून, पलीकडून कोणी उचलल्याबरोबर "रामराम, मी पोरीकडून बोलून राह्यलो" असं म्हणणारा माणूस आमच्या किन्हीराजात एकच आहे. त्याचं नाव नामदेव.

पलीकडचा गडबडतो. नामदेव गडबडत नाही. "पोरगी शांत हाय. अभ्यासात कोनाले ऐकत नाही. घरान्याचं तुमी कोनालेही इचारा. बरं, तुमच्या इकडं पान्याचं कसं हाय?"

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या ओट्यावर बसून माझ्या कानानं ऐकलं आहे.

नामदेव समोरच्या घरात राहतो, माझ्याच वयाचा. जन्मभर त्यानं सोयरिकी जमवल्या. मालेगाव तालुक्यात फिरा, प्रत्येक गावात त्यानं जमवलेला एखादा संसार सापडेल. स्वतः मात्र बिनलग्नाचा. लोक त्याला डिवचतात, "काहून रे नामदेव, साऱ्या गावाचं जमवलं अन् सोताचं राह्यलं?" तो म्हणतो, "माह्यं जाऊ दे. तुह्या पोराचं काय झालं ते सांग." मग विचारणारा विषय बदलतो. कारण शेती करणाऱ्या पोराला आता पोरगी मिळत नाही. नामदेवचं काम त्यातच थंडावलं.

घरात तो आणि त्याची धाकटी बहीण काशीबाई. तीही बिनलग्नाची. दिवसभर ओट्यावर सूप घेऊन तूर नाही तर ज्वारी पाखडत असते. नामदेव बाहेरून आला की मान वर न करता ती एकच विचारते, "काय म्हनलं त्याहीनं?" स्थळ कोणाचं, कुठलं, याची चौकशी नाही. गेल्या कित्येक वर्षांत नामदेवचं उत्तरही एकच आहे, "निरोप येऊ दे, काशे."

तर माझी नात वैष्णवी. वाशीमला बीएस्सी झाली आणि पुढं शिकायला बाहेरगावी जाते म्हणाली. मी चौथीतून शाळा सोडली, पण माझ्या घराचे निर्णय मीच घेतो. मी सांगून टाकलं, या घरातून पोरगी बाहेर जाईल ते नामदेवनं ठिकाण पाहिल्यावरच.

माझा मुलगा कपाळाला हात लावून म्हणाला, "बाबा, हे लगन नोहे!"

"नसू दे. पोरगी घर सोडून जाते का नाही जात?"

वैष्णवीनं वाद घातला नाही. तिच्या फोनात नोंदी ठेवायचं एक ॲप होतं. एकेका विद्यापीठाचं एकेक पान. शेवटची तारीख, लागणारे कागद, अर्जाचा नंबर, पासवर्ड, सगळं त्या त्या पानावर. नामदेवच्या फोनातही तिनं ते बसवून दिलं. दोघांचं एकच. एकानं लिहिलं की दुसऱ्याला दिसतं, एकानं पुसलं की दोघांकडचं जातं.

टायपिंग नामदेवला जमत नाही. तो फोन तोंडापुढं धरून बोलतो आणि ॲप लिहून घेतं. तो बोलतो तेही वावरात हाक मारल्यासारखं, त्यामुळं वैष्णवीचे अर्ज कुठवर आले हे साऱ्या गल्लीला ठाऊक असायचं. प्रत्येक पानावर त्यानं आपले मथळे घातले. घराणं. पाणी. माणसं. देणंघेणं. आपलं कोण? प्रवेश परीक्षेला त्यानं नाव दिलं 'पाहायचा कार्यक्रम'. पुण्याच्या पानावर लिहिलं, 'घरानं मोठं, पन अंगात हवा फार.' नागपूरच्या पानावर, 'जवळ हाय. उनानं पोरगी वाळन.' हैदराबादच्या पानावर, 'गाडी वाशीमवरून सरळ जाते. मालेगावची एक बाई बाजूलेच राह्यते, डब्याची सोय करते म्हने. स्थळ चांगलं.'

आपल्याला काय शिकायचं आहे ते वैष्णवीनं इंग्रजीत लिहून ठेवलं होतं. त्याच्या खाली यानं भर घातली, 'रंग गव्हाळ, स्वभाव मनमिळाऊ.' तिनं पाहिलं म्हणून बरं, नाहीतर अर्जासोबत तेही गेलं असतं.

तिचा जीव हैदराबादवर होता. तिला बियाण्याचा अभ्यास करायचा होता आणि तो तिथं चांगला आहे म्हणे. बाकीची पानं आपली असावीत म्हणून होती. ती दर तासाला फोन उघडून पाहायची आणि नामदेव तिला दटावायचा, "घाई दाखवाची नाही, बाई. आपुन पोरीवाले."

पहिली यादी लागली. तिच्यात वैष्णवीचं नाव नव्हतं. "नाही लागलं," एवढं बोलून ती आत गेली आणि कणीक तिंबत बसली. नामदेव माझ्याजवळच होता. उठून घराकडं निघाला. समोरच्या ओट्यावरून काशीबाईचा आवाज आला, "काय म्हनलं त्याहीनं?"

"निरोप येऊ दे, काशे."

काही दिवसांनी दुपारी वैष्णवी पळत अंगणात आली. दुसरी यादी लागली होती आणि तिच्यात तिचं नाव होतं. त्याच संध्याकाळच्या आत हो कळवायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. तिनं पासवर्ड घ्यायला ॲप उघडलं. पुण्याचं पान होतं, नागपूरचं होतं, हैदराबादचं नव्हतं. नवा पासवर्ड मागवावा तर तो जुन्या सिमवर येणार, आणि ते सिम बंद पडलेलं.

आम्ही दोघं समोर गेलो. "नामदेव आजा, हैदराबादचं पान कुठी हाय?"

"फाडलं," नामदेव म्हणाला.

"फाडलं म्हंजे?"

"पुसलं. त्याहीनं नाही म्हनलं ना? त्याच दिवशी पुसलं."

मी कडाडलो. "तुले कोनं सांगतलं होतं पुसाले? पोरीचं सारं वाटोळं केलं तू!"

तो रागावला नाही. काशीबाईकडं पाठ करून हळू म्हणाला, "नाही म्हनलेलं घरात ठेवू नये, भाऊ. पोरगी पुन्हा पुन्हा वाचते ते."

मी काशीकडं पाहिलं. एखाद्या स्थळानं नाही म्हटलं, की तो पोरीच्या माहितीचा कागद बारीक फाडून नाल्यात सोडतो, हे मी पाहत आलो होतो. त्याची खोड समजायचो. काशीच्या वेळचा मध्यस्थ तसा नव्हता. तो पारावर बसून मोठ्यानं सांगायचा, काशीला अमक्यानं नाही म्हटलं, तमक्यानं नाही म्हटलं. नवे पाहुणे आमच्या गावात उतरले की पहिलं ते ऐकायचे. नंतर पाहुणे येणंच बंद झालं. काशीनं तेव्हापासून पार ओलांडला नाही.

वैष्णवी मात्र फोनात बोटं फिरवत होती. "आजा, हे कागदासारखं नसते. पुसलेलं काही दिवस कचऱ्याच्या पेटीत पडून राह्यते."

नामदेव घाबरला. "म्हंजे नाही म्हनलेलं आतमंदी तसंच हाय?"

"हाय, म्हनून तर वाचलो!"

पण तेवढ्यात गल्लीतली रेंज गेली. पेटी उघडायची आणि चाक गरगरत राहायचं. आम्ही पाण्याच्या टाकीकडं निघालो. तिथं रेंज कायम असते. वैष्णवी पुढं, मी मागं, आणि नामदेव धोतर सावरत माझ्याही पुढं. टाकीच्या पायऱ्या तो चढला तेव्हा मला वाटलं, हा आता इथंच बसतो. बसला नाही. वर पान परत आलं. नंबर आला, पासवर्ड आला, खाली 'स्थळ चांगलं' तेही आलं. पडद्यावर हो म्हणायचं बटण दिसलं.

मी नामदेवकडं पाहिलं. जन्मात त्यानं पोरीवाल्यांना लगेच हो म्हणू दिलं नव्हतं.

"पाहून काय राह्यली, बाई?" तो ओरडला. "म्हन हो! लवकर म्हन!"

वैष्णवीनं बटण दाबलं.

आम्ही परत आलो तेव्हा उन्हं कलली होती. काशीबाई सूप घेऊन तिथंच बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"काय म्हनलं त्याहीनं?"

नामदेव तिच्याजवळ पायरीवर बसला. धाप लागलेली होती. "हो म्हनलं, काशे."

सुपाचा आवाज थांबला. तिनं आधी वैष्णवीकडं पाहिलं, मग भावाकडं. सूप बाजूला ठेवून ती आत गेली आणि मुठीत साखर घेऊन आली. वैष्णवीच्या हातावर घातली, माझ्या हातावर घातली. उरलेली चिमूट तशीच धरून नामदेवसमोर उभी राहिली.

"पुन्हा सांग."

नामदेव उठला. पाराकडं तोंड केलं, आणि तिथवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"हो म्हनलं त्याहीनं!"