पत्रोबाचा पहिला नंबर

आमच्या नलूआत्याने एकदा तंजावरच्या बाहुलीला महिनाभर भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. गुन्हा काय, तर तिची मान डुलते. "कोणी काहीही म्हटलं तरी हो-हो करते," आत्या म्हणाली. "अशा बाईला वरच्या फळीवर जागा नाही."

नलूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. ठाण्याला एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होती आणि डोंबिवलीत आमच्याच घरी राहायची. म्हणजे आम्ही असं म्हणायचो. खरं तर त्या घराचे हप्ते तिच्या पगारातून जात होते, तेव्हा कोण कोणाच्या घरी राहत होतं हे तुम्हीच ठरवा.

त्या काळी डोंबिवलीत प्रत्येक घरी शोकेस असे आणि तिच्यात प्लॅस्टिकच्या पिशवीसकट ठेवलेली एक बाहुली असे. पिशवी काढायची नाही, बाहुलीला हात लावायचा नाही, पाहुण्यांनी नुसतं बघायचं. आमच्याही घरी शोकेस होती, पण तिच्यात नंबर होते. वरच्या फळीवर डावीकडे पहिला, मग दुसरा, असं करत सगळ्यात खाली, जुन्या कपबशांच्या शेजारी, नापास मंडळी.

शनिवारी आत्याचं ऑफिस अर्धा दिवस. घरी आली की चहा प्यायची, पदर खोचायची, फडकं घ्यायची आणि शोकेस पुसता पुसता निकाल जाहीर करायची. "ठकी, दुसरीवरून पाचवी. कारण, फार दिवस एका जागी बसली की माणूस माजतं." ठकी ही सावंतवाडीची लाकडी बाहुली, ती बिचारी कुठे जाणार होती? "डोळेमिटी, सहावीवरून तिसरी. आडवं केलं की निमूट झोपते, हा गुण घ्यावा." निकालावर अपील नसे. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "नलूताई, त्यापेक्षा कोथिंबीर निवडा." आत्या कोथिंबीरही निवडायची, पण निकाल लागल्यावर.

बाहुल्यांमध्ये यंत्रमानवही होते, आणि दोघांची यादी एकच. एका मुलांच्या मासिकात तेव्हा पत्रोबा नावाच्या यंत्रमानवाची गोष्ट क्रमशः येत असे. हा पत्रोबा सगळी कामं करायचा, पण खोटं बोलायला गेला की त्याच्या कानातून शिट्टी वाजायची. आत्या छत्तिशीची बाई, पण अंक आला की माझ्या धाकट्या बहिणीच्या हातून ओढून घ्यायची. शेवटी तिने तो स्वतःच बनवला. पावडरचा डबा, कोटाच्या बटणांचे डोळे, ट्रान्झिस्टरच्या मोडक्या एरियलचे हात. तो वरच्या फळीवर डावीकडे उभा राहिला आणि कुठल्याही निकालात तिथून हलला नाही.

गोडबोलेबाईंचा मुलगा मस्कतला होता. त्याने आणलेला सेलवर चालणारा रोबो त्या मोठ्या मनाने घेऊन आल्या. छातीत लाल दिवा, पायांना चाकं, खर्रर्र आवाज. आत्याने तो जमिनीवर सोडला. रोबो चालत गेला, भिंतीला धडकला आणि तिथेच पाय हलवत राहिला.

"हा आमच्या मॅनेजरसारखा आहे," आत्या म्हणाली. "भिंत आली तरी कळत नाही. नववा."

"अहो, फॉरेनचा आहे तो," गोडबोलेबाई दुखावल्या.

"असू दे की. नंबर वशिल्याने मिळत नाही."

त्या दिवसापासून बिल्डिंगमध्ये निदान पक्कं झालं. लग्न झालं नाही ना, म्हणून डोक्यावर परिणाम झालाय. याच बिल्डिंगमध्ये दहावीचा निकाल लागला की कोणाच्या पोराला किती टक्के हे जिन्यात उभं राहून मोजलं जायचं, सून किती सोनं घेऊन आली ते मोजलं जायचं. ते सगळे शहाणे. बाहुल्यांना नंबर देणारी तेवढी वेडी.

आणि नंबर द्यायला ती शिकली कुठे, हे कोणी विचारलं नाही. आमच्याच हॉलमध्ये शिकली. वर्षानुवर्षं रविवारी तिला दाखवायचे कार्यक्रम झाले. पाहुणे शोकेससमोरच्या दिवाणावर बसत, पोहे खात आणि तिला नखशिखान्त बघून घेत. नंतर निरोप येई. नकाराचं सभ्य मराठी एकच, 'पत्रिका जुळत नाही.' मुलगी सावळी असली तरी पत्रिका जुळत नाही, उंच असली, चष्मा असला, तोंडाने फटकळ असली तरी पत्रिकाच जुळत नाही. एकदा मध्यस्थाकडून कळलं की रंगावरून नकार आलाय. त्या शनिवारी आत्याने दुसरीवर असलेली गोरीपान जपानी बाहुली तळाच्या फळीवर कपबशांशेजारी नेऊन ठेवली. त्या बाहुलीचा काही दोष नव्हता. आत्याचा तरी काय होता?

मी कॉलेजात असताना सबनीस आले. ठाण्याचे, बँकेत नोकरी, बायको वारलेली, सोबत चार-पाच वर्षांची मुलगी, रूपाली. बसल्या बसल्याच म्हणाले, "माझा पत्रिकेवर विश्वास नाही. मी दिलेली नाही, तुमचीही नको. माणसं पटली की झालं." बाबा हसले, आईने पोहे वाढले.

रूपालीचं पोह्यांकडे लक्ष नव्हतं. ती शोकेसच्या काचेला नाक लावून उभी होती. आम्हाला त्या काचेवर बोट ठेवायची परवानगी नव्हती. आत्या उठली. मला वाटलं, आता पोरीला बोलणी बसणार. तिने काच सरकवली आणि विचारलं, "कोणाचा पहिला नंबर यायला हवा, सांग बघू."

रूपालीने पत्रोबाकडे बोट दाखवलं.

"बरोबर. अक्कल आहे," आत्या म्हणाली आणि पत्रोबा तिच्या हातात दिला. मग ती तिथेच जमिनीवर फतकल मारून बसली आणि त्याचे हात कसे फिरतात, शिट्टी कधी वाजते, ते सांगत राहिली. शिट्टी स्वतः वाजवत होती. नवी साडी चुरगळली, पाहुणे बघत होते, पण तिला कशाचं भान नव्हतं. मी तिला इतकी सुंदर कधी पाहिली नव्हती. जाताना रूपाली पत्रोबाला सोडेना, तेव्हा आत्या म्हणाली, "असू दे. सध्या तिच्याकडेच राहू दे."

त्या 'सध्या' शब्दाने मला कळलं की तिने आशा धरली आहे.

पुढच्या शनिवारी निकाल लागला नाही. आत्या शोकेस पुसायची आणि दाराकडे बघायची. आठवड्याभराने जेवताना बाबा म्हणाले, "सबनीसांचा निरोप आला. पत्रिका जुळत नाही म्हणतात." आत्याने आमटी वाढून घेतली. आम्हा कोणालाच काही खटकलं नाही. हे वाक्य ऐकताना पत्रिकेचा विचार करतंच कोण? वरच्या फळीवर डावीकडची जागा मात्र तिने रिकामीच ठेवली. ठकी पुढे सरकून पहिली होऊ शकली असती, पण झाली दुसरीच.

दोन वर्षांनी नवरात्रात आत्या मला ठाण्याला टेंभी नाक्याच्या देवीला घेऊन गेली. दर्शन घेऊन बाहेर आलो तर खेळण्यांच्या गाड्यांपाशी सबनीस उभे. शेजारी गुलाबी फ्रॉकमध्ये रूपाली. ती उंच झाली होती. आत्याला तिने लगेच ओळखलं.

"पत्रोबाचा एक हात पडला," ती म्हणाली. "त्याचा नंबर गेला का?"

"हात पडला म्हणून कोणाचा नंबर जातो का?" आत्या म्हणाली. "पहिलाच आहे अजून."

सबनीस घुटमळत होते. शेवटी हलक्या आवाजात म्हणाले, "राग मानू नका, पण इतके दिवस मनात राहिलंय. मी होकार कळवला होता. तुमच्या दादांनी पत्रिका जुळत नाही म्हणून सांगितलं. मी तर पत्रिका दिलीच नव्हती. म्हटलं, हिच्यामुळे नको असेल."

मी आत्याकडे बघितलं. आत्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"हिच्यामुळे नाही हो," ती म्हणाली. "असं मनातसुद्धा आणू नका. मला कडक मंगळ आहे. आमच्याकडे फार मानतात. दादाने तुमच्या भल्यासाठीच नाही म्हटलं."

सबनीसांना हलकं वाटलेलं दिसलं. दिवाळीनंतर त्यांचं लग्न ठरलं होतं, तेही सांगून टाकलं. आत्या "छान झालं" म्हणाली, रूपालीच्या गालावरून हात फिरवला आणि आम्ही निघालो.

आत्याला मंगळबिंगळ काही नव्हता. स्टेशनकडे चालताना मी तिच्याशी भांडत होते. "तू खरं का नाही सांगितलंस? बाबांनी परस्पर नाही म्हणून टाकलं, आत्या. परस्पर."

"दादाला एक शब्द बोलायचा नाहीस. त्याने घराचा विचार केला असेल."

घराचा म्हणजे आमचा. हप्ते, धाकटीची शाळा, माझं लग्न. आत्या गेली तर तिच्या मागोमाग तिचा पगारही जाणार होता, आणि बाबांना बहिणीपेक्षा तो जड वाटला. माझे वडील वाईट नव्हते असं सगळे म्हणतात. मीही चारचौघांत तसंच म्हणते. पण ते वाक्य त्यांनी सबनीसांना सांगितलं आणि तेच आत्याला सांगितलं, दोन्हीकडे त्यांची जीभ अडखळली नाही, हे मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

चालता चालता आत्याने पदर खोचला. मग म्हणाली, "तिचा फ्रॉक काखेत उसवलाय, बघितलास?"

"नाही."

"चांगला वीतभर. पोर हात अंगाशी धरून उभी होती. सुई-दोरा असता जवळ, तर तिथल्या तिथे चार टाके घातले असते गं."

पुढे माझं लग्न झालं, तिच्याच पैशांनी, थाटात. सासरी जायच्या आदल्या दिवशी सुट्टे पैसे घ्यायला मी तिची पर्स उघडली. आतल्या कप्प्यात कागदाच्या घडीला टोचलेली सुई होती आणि भोवती गुंडाळलेला दोरा. दोरा गुलाबी होता. आमच्या घरात गुलाबी कपडा कोणाकडेच नव्हता.